ठरलेली झुंज आणि झाकलेला चेहरा

सिडकोने वसवलेल्या नवीन पनवेलला लागूनच मुंबई–गोवा महामार्ग, म्हणजे आजचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 66, सुरू होतो आणि कोकणात जाणाऱ्या बहुतेक गाड्याही पनवेलच्याच स्थानकावर थांबतात. त्यामुळे शिमग्याच्या आधीच्या आठवड्यात दक्षिणेकडे निघालेल्या चाकरमान्यांची गर्दी या भागाला नवी नाही. त्याच सुमारास वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर राबणारी, जव्हार-मोखाड्याकडून आलेली आदिवासी कुटुंबे उलट्या दिशेने, उत्तरेकडे, आपापल्या पाड्यांना परतू लागतात. या दोन्ही वाटांच्या शेवटी मुखवटे आहेत. दक्षिणेला, रत्नागिरी-सिंधुदुर्गात, काळ्या कापडाने तोंड झाकलेला संकासूर नाचतो. उत्तरेला, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांच्या डोंगरपट्ट्यात, होळीनंतर बोहाड्याच्या रात्री सुरू होतात. दोन्हीकडे मुखवटाधारी माणूस झुंज खेळतो आणि त्या झुंजीत कोण हरणार हे जमलेल्या सर्वांना आधीच ठाऊक असते. मुखवटा आणि ठरलेली झुंज यांचा मेळ जेथे शहरी तिकीटबारीपर्यंत पोहोचला असा एक देश म्हणजे मेक्सिको, आणि तेथील मुखवटाधारी मल्लांच्या इतिहासाशी ताडून पाहिल्यास मराठी मुलखातील या दोन परंपरांचे वेगळेपण अधिक स्पष्ट होते.

मेक्सिकोतील व्यावसायिक कुस्तीला लुचा लिब्रे, म्हणजे मुक्त कुस्ती, असे नाव आहे. 21 सप्टेंबर 1933 रोजी साल्वादोर लुतेरोथ या उद्योजकाने मेक्सिको सिटीत कुस्तीचे नियमित सामने भरवणारी कंपनी सुरू केली आणि तेव्हापासून हा खेळ तेथील कामगारवस्तीचा साप्ताहिक विरंगुळा झाला. त्यातील मुखवट्याचे मूळ अझ्टेक योद्ध्यांच्या गरुड आणि जॅग्वारच्या शिरस्त्राणांत शोधण्याची प्रथा लोकप्रिय लेखनात आहे. परंतु हाती असलेला पुरावा तितका भव्य नाही. 1915 मध्ये न्यूयॉर्कच्या एका स्पर्धेत प्रेक्षक घटू लागले तेव्हा मॉर्ट हेंडरसन नावाच्या मल्लाला तोंड झाकून आखाड्यात उतरवण्यात आले आणि या युक्तीने गर्दी परत आली. मेक्सिकोत 1934 मध्ये सिक्लॉन मॅकी या अमेरिकी मल्लाने अशाच मुखवट्याची मागणी केली, तेव्हा तो शिवून दिला लेओन या चामड्याच्या धंद्यासाठी प्रसिद्ध असलेल्या गावातून आलेल्या अंतोनिओ मार्तीनेस या पादत्राणे बनवणाऱ्या कारागिराने. डोक्याला चपखल बसणारा, मागे नाडीने आवळलेला हा मुखवटा म्हणजे थोडक्यात डोक्यासाठी शिवलेला बूटच होता. प्राचीन प्रतीकांची कथा त्याला नंतर चिकटली. आरंभी तो तिकिटे खपवण्याचा उपाय होता, आणि एवढे मान्य केल्याने त्याचे पुढचे महत्त्व मुळीच कमी होत नाही.

हे महत्त्व वाढले ते एल सान्तो, म्हणजे ‘संत’, या मल्लामुळे. रोदोल्फो गुस्मान वेर्ता हे त्याचे खरे नाव. जन्म 1917 चा. 1942 मध्ये तो रुपेरी मुखवटा घालून उतरला आणि गंमत अशी की या संताने सुरुवात केली ती खलमल्ल म्हणून. लुचा लिब्रेमध्ये मल्लांचे दोन पक्ष असतात: नियमाने आणि कसबाने लढणारे ‘तेक्निको’ आणि दांडगाई करणारे, पंचाची नजर चुकवून मारणारे ‘रुदो’. बहुतेक लढतींत एक पक्ष दुसऱ्यासमोर उभा राहतो आणि प्रेक्षक त्यांच्यापैकी एकाचा जयघोष करतो. या सर्वांच्या वर असते ती पैजेची कुस्ती, जिच्यात दोघेही आपापला मुखवटा पणाला लावतात, किंवा एकाचा मुखवटा आणि दुसऱ्याचे केस पणाला लागतात. हरलेल्याचा मुखवटा भर आखाड्यात उतरवला जातो आणि त्याला स्वतःचे खरे नाव, गाव आणि आपण किती वर्षे या धंद्यात आहोत हे जाहीर करावे लागते. एकदा गमावलेला तो मुखवटा त्याने पुन्हा घालायचा नसतो. 7 नोव्हेंबर 1952 रोजी सान्तोने ब्लॅक शॅडो या मल्लाचा मुखवटा जिंकला ती लढत या प्रथेचा मानदंड मानली जाते. सान्तोने स्वतःचा मुखवटा कधीच गमावला नाही. पन्नासाहून अधिक चित्रपटांत त्याने काम केले तेही मुखवट्यासह, आणि 5 फेब्रुवारी 1984 रोजी तो वारला तेव्हा त्याला मुखवट्यासहच पुरण्यात आले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. लुचा लिब्रेतील निकाल बव्हंशी आधी ठरलेला असतो हे प्रेक्षकांना ठाऊक असते; तरीही पैजेच्या कुस्तीचे गांभीर्य त्यामुळे उणावत नाही, कारण जे गमवायचे ते खरोखरच गमवावे लागते. डाव लटका असला तरी चेहरा उघडा पडणे लटके नसते. मेक्सिकोतील मुखवटा म्हणूनच एका माणसाची मिळकत आहे: तो कमावता येतो, राखता येतो, गमावता येतो आणि, सान्तोच्या मुलाने 1980 च्या दशकाच्या आरंभी तोच रुपेरी चेहरा घेऊन आखाड्यात पाऊल ठेवले त्याप्रमाणे, वारसाला देता येतो.

महाराष्ट्रातील कुस्तीत असे काही घडले नाही, आणि न घडण्याची कारणे कुस्तीच्या रचनेतच आहेत. शाहू महाराजांनी कोल्हापुरात बांधलेले आणि 1912 मध्ये पूर्ण झालेले खासबाग मैदान असो, किंवा पनवेल-उरण पट्ट्यातील आगरी गावांच्या जत्रेतला तात्पुरता आखाडा असो, मातीत उतरणारा पैलवान जवळजवळ उघडा असतो. अंगावर लंगोट किंवा चड्डी, आणि हळद, ताक, तेल घालून मळलेल्या तांबड्या मातीचा लेप. जोड लावताना पैलवानाचे नाव, गाव, तालीम आणि वस्ताद यांचा पुकारा होतो आणि हलगीच्या ठेक्यावर शड्डू ठोकून तो मैदानाला फेरी मारतो, म्हणजेच सर्वांना आपला चेहरा दाखवतो. मेक्सिकन मल्लाला जे हरल्यानंतर सांगावे लागते ते मराठी पैलवान लढतीच्या आधीच सांगून टाकतो. चीतपट झाला तर त्या नावानिशी आणि गावानिशी होतो. बक्षीस आणि अपयश दोन्हींत तालमीचा वाटा असतो. 1961 पासून दिला जाणारा ‘महाराष्ट्र केसरी’ किताबही याच हिशोबाने गावोगावच्या तालमींच्या भिंतींवर नावानिशी रंगवला जातो. निकाल खुला असलेल्या खेळात चेहरा झाकण्याने काही साधत नाही, उलट ज्या नावासाठी लढायचे तेच हातचे जाते.

मुंबईतील फ्री स्टाईल कुस्त्यांचे उदाहरण येथे अधिक बोलके ठरते, कारण त्या कुस्त्या जातकुळीने लुचा लिब्रेच्या जवळच्या होत्या. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर 1950 आणि 60 च्या दशकांत होणाऱ्या या लढतींना तमाशाची रंगत होती, परदेशी मल्लांची अक्राळविक्राळ टोपणनावे होती आणि प्रेक्षकांचे ठरलेले नायक-खलनायकही होते. 29 मे 1968 रोजी मुंबईत दारासिंग यांनी अमेरिकेच्या लू थेझला हरवले तेव्हा त्या लढतीची चर्चा मराठी घराघरांत झाली. सान्तोचा व्हॅम्पायर स्त्रियांशी झुंजणारा प्रसिद्ध चित्रपट 1962 चा, आणि दारासिंग यांचा ‘किंग काँग’ हाही त्याच वर्षीचा. पण मेक्सिकोचा नायक पडद्यावर आला तो चेहरा झाकून, तर मुंबईचा नायक आला तो स्वतःच्या चेहऱ्याच्या जोरावर, ज्यावर पुढे दूरदर्शनच्या मालिकेत हनुमानाचे रूप चढले आणि तेव्हाही खालचा माणूस प्रत्येकाने ओळखला. भारतीय प्रेक्षकाला मल्लाचे गूढ नको होते, त्याची ओळख हवी होती. केबल टीव्ही आल्यानंतर रे मिस्टेरिओसारख्या मल्लांचे मुखवटे शाळकरी मुलांच्या खेळण्याच्या पत्त्यांवर दिसू लागले. पनवेल-उरण पट्ट्यातल्या मुलांना लुचा लिब्रेची ओळख झाली ती त्या पत्त्यांतून, आणि तीही अमेरिकेच्या वळणाने.

मराठी मुलखात मुखवट्याची झुंज शोधायची असेल तर तालीम सोडून देवळाच्या अंगणात जावे लागते. सिंधुदुर्गातील दशावतारी नाटकाच्या आरंभी होणाऱ्या विधिवजा भागाला आडदशावतार म्हणतात. त्यात गणपती, शारदा, ब्रह्मदेव आणि भटजी यांच्यामागून वेद चोरणारा संकासूर येतो. अंगभर काळे कपडे, संपूर्ण तोंड झाकणारा काळा कापडी बुरखा, त्याला डोळ्यांसाठी भोके आणि बाहेर लोंबणारी लाल जीभ, असा हा वेष आहे. आणि गणपतीचा जड मुखवटा सोडला तर त्या रात्रीच्या नटांपैकी पूर्ण चेहरा झाकलेला बहुधा तो एकटाच. रत्नागिरीकडच्या नमन-खेळ्यांतील संकासुराच्या डोक्यावर उंच टोकदार टोपी, तोंडाला पांढरी दाढी आणि कमरेला घुंगरू असतात, आणि शिमग्यात तो खेळ्यांबरोबर घरोघर फिरतो. शिवलेला, डोक्यावरून ओढून घेण्याचा कापडी मुखवटा म्हणून पाहिले तर मेक्सिकन मुखवट्याचे सर्वांत जवळचे मराठी भावंड संकासूरच आहे. विष्णूकडून त्याचा वध व्हायचाच असतो, पण तोवर तो भटजीची खिल्ली उडवतो, प्रेक्षकांतल्या मुलांना भिववतो, मालवणीत टोमणे मारतो. लुचा लिब्रेतील रुदो आणि संकासूर यांच्यातील साम्य येथे डोळ्यांत भरते: हरण्यासाठीच आलेल्या पात्राला वाटेल ते बोलण्याची मोकळीक मिळते. फरक असा की संकासूर हरला तरी त्याचा बुरखा उतरत नाही. काही गावांत तर त्याला नवसही बोलतात. असुराला केलेला नवस फेडताना कोणालाही त्यात विसंगती जाणवत नाही.

या परंपरेचे वय सांगताना 1728 हे साल नेहमी पुढे केले जाते, ज्या वर्षी आडिवऱ्याच्या श्यामजी नाईक काळे यांनी दशावतार कर्नाटकातून कोकणात आणला असे सांगितले जाते. मात्र त्याच्याही आधीच्या शतकातील दासबोधात दशावतारी खेळणाऱ्यांचा, त्यांत पुरुषांनीच घेतलेल्या स्त्रीवेषांचा, उल्लेख येतो. तेव्हा 1728 हे आगमनाचे नव्हे तर फार तर एखाद्या नव्या घडणीचे साल मानावे लागेल. मूळ पुरुष आणि मूळ साल शोधण्याची हौस मुखवट्यांच्या इतिहासात सर्वत्र दिसते, मग ते अझ्टेक योद्धे असोत की कोकणातील नाईक. नागर मराठी रंगभूमीने हा वारसा लवकरच झटकला: 1843 मध्ये सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हा आरडाओरड करणारे राक्षस रंगभूमीवर होते, पण पुढच्या संगीत नाटकाला गायकाचा उघडा चेहराच हवा होता.

बोहाडा मात्र कोठल्याही नाटक मंडळीचा नाही. बोहाडा, भोवाडा, भवाडा किंवा आखाडी अशा नावांनी ओळखला जाणारा हा उत्सव जव्हार, मोखाडा, विक्रमगड, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा आणि अकोले या तालुक्यांच्या डोंगराळ भागात, तसेच पलीकडे गुजरातच्या डांगात, होळीनंतरच्या चैत्र-वैशाखात, शेतीची कामे सुरू होण्याआधी होतो. कोकणा, वारली, ठाकूर, महादेव कोळी हे समाज त्यात आपापल्या मानाने भाग घेतात. गावाच्या एका टोकाला सोंगे सजतात आणि तेथून संबळ-सनईच्या चालीवर, मशालींच्या उजेडात, पुढे-मागे पावले टाकत देवीच्या मांडवापर्यंत नाचत येतात. आधी गणपती, मग मोरावरची सरस्वती. त्यानंतर रात्रभर मारुती, त्राटिका, नरसिंह, रावण असे रामायण-महाभारत-पुराणांतील देव-दैत्य आणि त्यांच्या बरोबरीने स्थानिक दैवते. प्रत्येक सोंगासाठी वाद्यांची चाल वेगळी, पावलांची ढब वेगळी. उत्सवाच्या शेवटच्या रात्री, उजाडण्याच्या सुमारास, जगदंबेचे सोंग आणि महिषासुराचे सोंग समोरासमोर येतात व त्या झुंजीत दैत्य पडतो.

मुखवटे पूर्वी लाकडात कोरत, आणि पांगारा, शिवण अशी हलकी लाकडे त्यासाठी पसंत केली जात. जंगल कायद्याखाली गेल्यावर आणि लाकूड दुर्मीळ झाल्यावर कागदाच्या लगद्याचे मुखवटे वाढले. मातीच्या साच्यावर खळीने कागदाचे थर चढवायचे, ते उन्हात वाळू द्यायचे, साचा काढून घ्यायचा, कान, मुकुट, सुळे वेगळे जोडायचे आणि मग रंग द्यायचे, असे हे काम आहे. देवांचे चेहरे उजळ आणि शांत, दैत्यांचे डोळे बटबटीत, दात पुढे आलेले. रावणाच्या सोंगात दहा तोंडांची रांग एका चौकटीवर बसवलेली असते आणि ती डोक्यावर पेलून नाचणाऱ्याला बाजूने आधार द्यावा लागतो. मोठ्या मुखवट्यातून समोरचे धड दिसत नाही, म्हणून मशाल धरणारा माणूस सोंगाच्या पुढे राहून वाट दाखवतो. देवतेला उजेडात आणणारा आणि आंधळ्या झालेल्या नाचणाऱ्याला ठेच लागू न देणारा, अशी दोन कामे तो एकाच मशालीने करतो. मुखवटा बांधण्यापूर्वी त्याची पूजा होते, नारळ फुटतो, आणि त्यानंतर आतल्या माणसाशी नेहमीच्या नावाने कोणी बोलत नाही, जरी तो कोण आहे हे पाड्यावरच्या लहान पोरालाही माहीत असते.

हे शेवटचे वाक्य बोहाड्याच्या मुळाशी आहे. मेक्सिकोत मुखवट्याखालचे नाव हे गुपित आहे आणि सारी किंमत त्या गुपिताला आहे. बोहाड्यात गुपित असे काही नाहीच. कोणते सोंग कोणत्या घराचे हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. बाप नाचला, आता मुलगा नाचतो, उद्या नातू नाचेल. मुखवटा घरात टांगलेला किंवा गुंडाळून ठेवलेला असतो आणि सोंगाचा खर्च, उपास, पथ्य त्या घराने सोसायचे असते. काही गावांत सोंगांचा लिलाव होतो आणि बोली लावून मान घेतला जातो, पण तेथेही विकला जातो तो त्या वर्षीचा मान, चेहरा नव्हे. माणसाच्या हाती मुखवटा गमावण्याचा अधिकारच नाही, कारण तो त्याचा कधी नव्हताच. महिषासुर नाचवणारे घर दरवर्षी हरते आणि पुढच्या वर्षी त्याच मानाने पुन्हा उभे राहते. या पराभवाने त्या घराची पत उतरत नाही, उलट महिषासुर उतरला नाही तर देवीचे सोंग अडून बसेल. मेक्सिकन आखाड्यात चेहरा टिकतो तो जिंकत राहिल्याने. बोहाड्यात दैत्याचा चेहरा टिकतो तो नेमाने हरत राहिल्याने.

जव्हारचे राज्य या उत्सवाच्या इतिहासात कितपत गुंतलेले होते, याविषयी थोडे सावधपणे बोलले पाहिजे. जयबा मुकणे यांनी चौदाव्या शतकात स्थापलेले आणि दिल्लीच्या सुलतानाने 1343 मध्ये मान्य केलेले हे महादेव कोळी घराण्याचे राज्य 1948 मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. राजघराणेच आदिवासी असल्याने सोंगांच्या उत्सवाला दरबारी आश्रय आणि शहरात मिरवण्याचे अंगण मिळणे स्वाभाविक होते. परंतु पाड्यापाड्यांवरचा बोहाडा दरबाराच्या आधी होता की नंतर, हे केवळ राजवंशाच्या सनावळीवरून ठरत नाही. सोंगांच्या यादीत रामायणाची पात्रे आणि वेतोबा-भैरोबांसारखी दैवते शेजारी शेजारी उभी असतात यावरून एवढेच म्हणता येईल की पुराणकथा येथे आधीच चालू असलेल्या नाचात येऊन सामावल्या असाव्यात, नाच त्यांच्यासाठी जन्माला आलेला नसावा.

गेल्या काही दशकांत या मुखवट्यांना दुसरेही गिऱ्हाईक मिळाले आहे. जव्हार परिसरातील कारागीर कागदी लगद्याचे मुखवटे शहरातील हस्तकला प्रदर्शनांसाठी बनवतात आणि नवी मुंबई-पनवेलकडच्या दिवाणखान्यांत ते वारली चित्रांच्या शेजारी भिंतीवर लागतात. या मुखवट्यांवर रंगाची सफाई अधिक असते, आतून मात्र ते गुळगुळीत आणि कोरे असतात, कारण त्यांत डोके घालून कोणी घामाघूम होणार नसते. मेक्सिको सिटीच्या आखाड्यांबाहेरही सान्तोच्या मुखवट्याच्या स्वस्त नकला ढिगाने विकल्या जातात. पण तेथे त्या चेहऱ्याचे हक्क कोणाचे, हा प्रश्न विचारता येतो आणि त्याचे उत्तरही मिळते, कारण तो चेहरा एका कुटुंबाच्या नावावर आहे. 2018 मध्ये मेक्सिको सिटीच्या सरकारने लुचा लिब्रेला शहराचा अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून घोषित केले, तेव्हा तेथे वारसा आणि मालकी या दोन्ही गोष्टी जागच्या जागी होत्या.

भारतात 1999 च्या भौगोलिक उपदर्शन कायद्याने वारली चित्रकलेला नाव आणि संरक्षण मिळाले, कारण तेथे वस्तू बनवणारा समूह दाखवता येतो. बोहाड्याच्या मुखवट्याबाबत मात्र बनवणारा एक, ठेवणारे घर दुसरे, नाचणारा त्या घराचा त्या वर्षीचा माणूस आणि पाहणारे सगळे गाव. कायद्याच्या अर्जात उत्पादकाचा जो एक रकाना असतो त्यात यांपैकी कारागीर तेवढा बसतो. सोंगाचा मान धरून असलेल्या घरांना त्या अर्जात कोठेही जागा नाही, आणि चैत्र-वैशाखात भट्टीचे काम अर्धवट टाकून नाचायला परतणाऱ्या माणसाची मजुरी बुडते ती त्यांच्याच पदरची.